'रस्त्याचा राजा' यांना उत्तर: जुनी कॅरवान, वाढीव वॉरंटी आणि मी 'न वाचलेला' कागद

जुन्या मोटरहोमवर वाढीव वॉरंटी घेऊ नका, तेवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'रस्त्याचा राजा' या नावाने एका वाचकाची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश: त्यांची २०१३ ची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, मागे घर बांधून घेतलेलं. दोन वर्षांची वॉरंटी ५८,००० रुपये अधिक जीएसटी देऊन घेतली, दर क्लेमला पहिले ५,००० त्यांचे. ते म्हणतात, "इंजिन आणि गिअरबॉक्सला पूर्ण संरक्षण आहे, कागदावर स्वच्छ छापलंय. लेखकाने असा कागद कधी उघडून वाचलेला दिसत नाही. पंख्याखाली बसून सल्ले देणं सोपं असतं." पुढे आणखी काही मुद्दे आहेत: टोइंगचा, म्हणजे बंद गाडी ओढून नेण्याचा, खर्च धरला नाही, सगळ्यांना पाने-पक्कड चालवता येत नाही, हिमाचलात गाडी बंद पडली तर इंदूरच्या देवास नाक्याचा मिस्त्री येणार का, वॉरंटी असली की विकताना भाव येतो, मनःशांती मिळते, अमेरिकेत सगळे घेतात.

टीकेचं स्वागत आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पंख्याचं म्हणाल तर मे महिन्यात इंदूरला पंख्याखाली बसणं हा गुन्हा नाही. पण "कागद वाचलेला दिसत नाही" हे वाक्य मी सोडणार नाही. पीथमपूरला एका वाहन कारखान्याच्या वॉरंटी विभागात क्लेम तपासणं हेच माझं काम होतं. कुठला मंजूर, कुठला परत, आणि परत तर कोणत्या कलमाखाली, हे लिहिण्याचा मला पगार मिळायचा. ही नोकरी मिरवायची नव्हती. राजेसाहेब, विषय आपणच काढलात.

तर कागद. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'इंजिन' असतं. आत व्याख्या असते, आणि तिच्यात इंजिन म्हणजे बहुधा तेलात फिरणारे आतले भाग: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक, कॅम, ऑइल पंप, बेअरिंग; काही कागदांत सिलेंडर हेडही, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण. होज पाइप, पट्टे, गॅसकेट, सील, फिल्टर, क्लच प्लेट, बॅटरी, रबराचं आणि झिजणारं सगळं बाहेर. आता जुनं डिझेल इंजिन मरतं कसं ते पाहा. क्रँक आपणहून सहसा तुटत नाही. मरण बाहेरून येतं, दोन-तीनशे रुपयांच्या रबरातून.

खंडवा रोडने ओंकारेश्वरहून इंदूरला परत निघालात. मागे भरलेली पाण्याची टाकी, छतावर एसी, भेरू घाटाची चढण. बारा वर्षांचा रेडिएटरचा खालचा होज क्लिपपाशी तडकतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जातं. कूलंट संपलं की तापमानाचा सेन्सर पाण्यात नसून वाफेत राहतो, त्यामुळे काटा कधी कधी वर जायच्या ऐवजी खालीच येतो आणि चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. हेड तापून वाकतं, गॅसकेट उडतं, कूलंट सिलेंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर दुधाळ तवंग दिसतो. मिस्त्री हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवतो, फीलर गेज सरकवतो, फेसिंग करावं लागेल, म्हणजे घासून सपाट करावं लागेल, म्हणतो. समजा आपल्या कागदात हेड यादीत आहे! मग तपासनीस एकच प्रश्न विचारतो: सुरुवात कुठून झाली? होजपासून. होज यादीत नाही. यादीबाहेरच्या भागामुळे झालेलं पुढचं नुकसान, परिणामी नुकसान, वगळलेलं. क्लेम परत. आणि समजा सुरुवात वॉटर पंपाच्या बेअरिंगपासून झाली, जो काही कागदांत यादीत असतो, तरी दुसरा प्रश्न तयार असतो: तापल्यावर गाडी किती चालवली? कॉमन रेल इंजिन असेल तर ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, बहुधा फॉल्ट कोड बसलेला असतो, तिथे वाद चालत नाही.

टर्बोचंही, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचंही, तेच. टर्बो जातो तो बहुतेक वेळा ऑइल न पोचल्यामुळे. ऑइलची फीड पाइप आतून काजळीने आवळलेली असते. ती न बदलता नवा टर्बो बसवला तर तोही लवकरच जातो. अहवालात एक ओळ पडते, 'वंगणाचा अभाव', आणि तो अभाव देखभालीतला दोष ठरतो. प्रत्येक ऑइल बदलाचं तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल नसेल तर आपलं म्हणणं सिद्ध करायला हाती काही उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे अशी बिलं किती असतात? आपल्याकडे २०१३ पासूनची सगळी आहेत का? प्रतिक्रियेत उल्लेख नाही.

शिवाय इंजिन उघडण्याआधी परवानगी लागते. परवानगीसाठी कारण सांगावं लागतं, कारण कळायला इंजिन उघडावं लागतं. उघडण्याची मजुरी आपली. क्लेम मंजूर झाला तरच ती बिलात धरतात. नामंजूर झाला तर सुट्टं इंजिन गॅरेजात आणि बिल हातात.

आता बांधणीकडे येऊ, कारण मोटरहोमचा खरा घोळ इथे आहे. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास-साठ किलोची, तशा दोन. वर प्लाय, एसी, सिलिंडर, सामान. मागचा पाटा तुटला किंवा व्हील बेअरिंग गेलं तर कंपनी आधी वजनकाट्याची पावती मागेल. घराच्या बॅटऱ्या थेट स्टार्टरच्या बॅटरीला जोडल्या असतील, आणि असे जोड सर्रास दिसतात, तर चार्ज उतरलेल्या मोठ्या बॅटऱ्या अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, तासन्‌तास पूर्ण करंट ओढतात. डायोड तापतात, प्लेट जळते. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, निदान व्होल्टेज बघून तोडणारा रिले आणि दोन्ही टोकांना फ्यूज. अल्टरनेटर यादीत असला तरी वायरिंगमध्ये फेरफार दिसला की तपासनिसाचं काम सोपं होतं. फेरफार आरसीवर चढलेला नसेल तर आणखी सोपं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच बाबतीत आहे, आणि तिथे चूक असेल तर वॉरंटी सोडा, विम्याचाही प्रश्न येतो.

घराच्या भागाबद्दल आपला कागद काय म्हणतो ते आपण लिहिलंच नाही. जुन्या कॅरवानला सर्वात महागात पडतं ते छत. व्हेंट, एसीची चौकट, सोलर पॅनेलचे स्क्रू, कडेची पट्टी, या जागांचं सीलंट उन्हाने फाटतं, पाणी प्लायमध्ये उतरतं, आणि आतला लॅमिनेट फुगेपर्यंत कळत नाही. मॉइश्चर मीटरने २० टक्क्यांच्या वर दाखवलं की तिथलं लाकूड उघडायला हवं. वरून नुसतं सिलिकॉन थापणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण नंतर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही, सगळं खरवडावं लागतं. चौकटीखाली ब्युटाईल टेप, वर लॅप सीलंट, कुजलेला प्लाय काढून आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय. पाणी झिरपणं, कुजणं, गंजणं हे असल्या कागदांत नेहमी वगळलेलं असतं. म्हणजे जे नक्की होणार ते बाहेर, आणि जे क्वचित होणार ते आत.

हिशोबाचं म्हणाल तर ५८,००० वर १८ टक्के जीएसटी धरून आपण ६८,४४० भरलेत. समजा हेडचा क्लेम, सगळी विघ्नं टळून, मंजूर झाला. पार्ट ४०,०००, मजुरी १५,०००, ऑइल-कूलंट-गॅसकेट ८,०००. हे आकडेही जीएसटी धरूनच. एक लाख किलोमीटरच्या पुढच्या गाडीला पार्टचा ठराविक टक्काच देण्याचं कलम बहुधा असतं. ६० धरा. पार्टचे २४,०००, मजुरीचे १५,०००, त्यातून आपले ५,००० वजा: हातात ३४,०००. असे दोन मोठे क्लेम दोन वर्षांत झाले आणि दोन्ही मंजूर झाले, तरी ६८,०००. अजून ४४० रुपये आपल्यालाच कमी. याला आपण 'मनःशांती' म्हणता. म्हणा.

अमेरिकेचा दाखला इथे लागूच होत नाही. तिथे मोटरहोमच्या गॅरेजात तासाची मजुरी शंभर-दीडशे डॉलरच्या घरात आणि वर. चार तासांच्या कामाची मजुरी पार्टपेक्षा जास्त. शिवाय तिथल्या गाड्यांत ॲब्सॉर्प्शन फ्रिज असतात, गॅसवर चालणारे. गाडी तिरकी उभी करून ते चालवले की कूलिंग युनिट बिघडतं, मागे पिवळी पूड दिसली की अमोनिया गळला असं समजायचं, आणि ते युनिट महाग. आपल्याकडे बहुतेकांकडे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, ज्याची वायर बारीक असल्यामुळे व्होल्टेज पडून तो बंद होतो. वायर जाड केली की काम झालं. छतावरचा एसी गुणगुणतो पण कॉम्प्रेसर उठत नाही, तेव्हा आधी काही शंभर रुपयांचा कपॅसिटर बदलून बघायचा. या कामांना वॉरंटी कशाला?

तेच ६८,४४० कुठे घालायचे ते पुन्हा सांगतो, मागच्या लेखात होतंच. आधी कूलिंग: वरचा-खालचा आणि हीटरचे सगळे होज, क्लिपांसकट, थर्मोस्टॅट, पट्टा, रेडिएटर उतरवून साफ, आणि कूलंटची पातळी घटली की वाजणारा अलार्म, कारण काट्यावर विसंबता येत नाही हे वर आलंच. मग ब्रेक ऑइल, दोन वर्षांनी बदलायचंच. ते हवेतला ओलावा ओढतं आणि गणेश घाटासारख्या उतारावर उकळलं की पेडल खाली जातं. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं. इंजेक्टरची शंका असेल तर रिटर्नच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन दोन मिनिटं आयडलला ठेवा. जी बाटली जास्त भरते तो इंजेक्टर झिजलेला. चारही बदलायला सांगणाऱ्याला ही परीक्षा आधी करायला लावा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा टायर भरलेल्या कॅरवानखाली ठेवू नये. पार्टवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला आहे, आधी बहुतेकांवर २८ होता. एवढं करूनही खात्यात बरेच पैसे उरतात.

टोइंग धरलं नव्हतं, हे मान्य. पण वॉरंटीवाले टोइंगला जी रक्कम देतात ती बहुधा जवळच्या गॅरेजापुरतीच असते. विम्यासोबतची रोडसाइड असिस्टन्स स्वस्त पडते. ती घेताना गाडीचं वजन आणि एसीसकट उंची लेखी कळवा, कारण उंच गाडी फ्लॅटबेडवर चढवली की वरच्या तारांची आणि पुलांची भीती. पुढून उचलून ओढणार असतील तर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवायला लावा. ट्रॅव्हलरमध्ये इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो. शाफ्ट न सोडता लांब ओढली तर गिअरबॉक्सचा आउटपुट फिरत राहतो, पण तेल उडवणारे आतले गिअर थांबलेले असतात, आणि बेअरिंग कोरडी जळतात. हा क्लेमही परत येतो, सांगून ठेवतो.

राहिलेले मुद्दे. पाने-पक्कड सगळ्यांना येत नाही; बरोबर, मिस्त्र्याला येते. हिमाचलात देवास नाक्याचा मिस्त्री जाणार नाही, वॉरंटीवालाही जाणार नाही. विकताना भाव येतो म्हणता, तर आधी ती वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का आणि किती फी लागते ते बघा. नवी गाडी, चासीला हात न लावलेली, मूळ वॉरंटी चालू असताना कंपनीचीच वाढीव वॉरंटी मिळत असेल तर खुशाल घ्या. त्याविरुद्ध मी कधी लिहिलेलं नाही.

आपला क्लेम परत आलाच तर नकार लेखी घ्या, कलम क्रमांकासह. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा आपल्या कागदातली वगळलेल्या भागांची यादी जोडा, त्यावर बोलू. मागच्या लेखातल्या तक्त्यात टोइंगची एक ओळ वाढवली आहे. बाकी तक्ता आहे तसाच राहील.