बसतंय ना? मग उडवा!

आजोबांची दुनळी बंदूक वाट्याला आली? अभिनंदन. परवान्याचं वगैरे मागाहून बघू. आधी नातेवाइकांना सांगून टाका की माल अस्सल विलायती आणि लाखमोलाचा आहे. पुरावा? नळीवर इंग्रजी नाव कोरलंय की! बेल्जियममधल्या लिएजहून अशा बंदुका ढिगानं बाहेर पडत आणि विकणाऱ्या दुकानदाराचं नाव त्यांवर कोरून मिळे, असल्या चौकशा खानदानी माणसाला शोभत नाहीत.

नळ्या उतरवून खालची बाजू चुकूनही पाहू नका. तिथे चाचणीचे बारीक ठसे असतात: मुकुट, आकडे, अंडाकृतीतली लिएजची ‘ईएलजी’ ही अक्षरं. ते जुळवले की बंदूक कुठली, साधारण कधीची आणि कुठल्या दारूवर तपासलेली, हे उघड होतं. मग आजोबांच्या वाघाच्या गोष्टीचंही काही खरं नाही.

नळीवर नागमोडी नक्षी दिसतेय? ती दमास्कस. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकलेली. बहुतेक काळ्या दारूच्या जमान्यातली. काही नळ्या बिनधुराच्या, म्हणजे आजच्या काडतुसांतल्या, दारूवरही तपासलेल्या असतात. तुमची त्यातली आहे का, हे ठशांवरून कळलं असतं. पण ते आपण बघणार नाही, असं ठरलंय ना!

आता काडतुसं. बोअरचा आकडा म्हणजे नळीत चपखल बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात मावतात तो. म्हणून बारापेक्षा वीस बोअर बारीक. हा उलटा हिशेब कोण लक्षात ठेवतो? वीसचं काडतूस बाराच्या नळीत सरकून पुढे अडकतं, मागून बाराचं भरून उडवलं की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती मात्र शोभेसाठीच, असं धरून चाला.

लांबीचा विचार तर अजिबात नको. जुन्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, बरेचदा 65 मिलिमीटरचं आणि हातातलं काडतूस 70 चं. तरी ते गुपचूप आत जातं, बंदूक ‘खट्’ करून बंदही होते, कारण काडतुसावरची लांबी उडाल्यानंतरची असते. दुमडलेलं तोंड उलगडतं ते थेट नळीच्या निमुळत्या भागात. वाट आवळते, दाब चढतो. पण बसलं होतं की नाही?

इतकं करूनही गनस्मिथकडे जाणारे भित्रे लोक असतात. तो चेंबर मोजतो, नळीची जाडी तपासतो, आतला गंज किती खोल गेलाय ते बघतो आणि तोंड वाकडं करतो. मूड जातो.

एकच अडचण येऊ शकते. नळीच्या मागच्या कडेला, वरच्या अंगाला, बारीकशी खाच असेल तर ती पिनफायर. तिच्या काडतुसाच्या बाजूनं पिन बाहेर आलेली असते आणि तसली काडतुसं नेहमीच्या दुकानात मिळतच नाहीत. तुमच्या बोटांचं नशीब थोर.