‘आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा तोच मेसेज आला. मथळा, ‘डिप्रेशनच्या गोळ्या: हळूहळू भिनणारं विष’. दावे चार. या झोपेच्याच गोळ्या असतात आणि त्यांचं व्यसन लागतं. एकदा सुरू केल्या की मरेपर्यंत सुटत नाहीत. त्या निरुपयोगी असल्याचं 2022 साली सिद्ध झालंय. त्या घेऊन माणूस बधिर होतो. शेवटी जोडलेले हात आणि ‘आजच बंद करा’. मी सव्वा वर्ष एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी घेतली आहे. ग्रुपवर हे फार कुणाला ठाऊक नाही, म्हणून तिथे गप्प बसले.

झोपेची गोळी आणि व्यसन. इथेच सगळा घोळ आहे. सवय लागते ती क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या घबराट शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला घबराट कधीकधी वाढते. तेवढे दिवस निभावून न्यायला डॉक्टर सोबत क्लोनाझेपाम देतात. आपल्याकडे तर दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, अगदी जोडगोळीच. माझ्या मावशीने जुनीच चिठ्ठी दाखवत ती दोन वर्षं घेतली. मेडिकलवाल्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मग असाच एक मेसेज वाचून एका रात्रीत सोडली. झोप उडाली, हात थरथरायला लागले, आणि घरात निकाल लागला: डिप्रेशनच्या गोळीने वाट लावली! क्लोनाझेपाम अशी अचानक सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते.

एस्सिटालोप्राम सोडतानाही त्रास होतो, ते नाकारत नाही. दिवाळीत माझ्या गोळ्या संपल्या आणि चार दिवस गेले. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं, उगाच रडू यायचं. 2024 च्या एका मोठ्या आढाव्यात अशा गोळ्या बंद करणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांनी त्रास सांगितला. मात्र औषध नसलेली पोकळ गोळी बंद करणाऱ्यांपैकीही 17 टक्क्यांनी सांगितलाच. तीव्र त्रास साधारण पस्तिसात एकाला. पण व्यसन म्हणजे तलफ, मात्रा वाढवत नेणं, लपवून घेणं. मला तर गोळीची आठवण राहावी म्हणून गजर लावावा लागायचा.

मरेपर्यंत सुटत नाहीत? इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेऊन बऱ्या झालेल्या 478 जणांवर प्रयोग झाला. निम्म्यांची गोळी चालू राहिली, निम्म्यांना हळूहळू पोकळ गोळीवर आणलं. कुणाला काय मिळतंय ते कळू दिलं नाही. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी 56 टक्क्यांचं नैराश्य परतलं, चालू ठेवलेल्यांपैकी 39 टक्क्यांचं. म्हणजे सोडण्यात जोखीम आहे, तरी बंद करूनही 44 टक्के वर्षभर ठीक राहिले. माझीही सुटली, तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने.

2022 चं प्रकरण. लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी तपासलं ते एवढंच की, मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला पुरावा आहे का. ठाम पुरावा सापडला नाही. ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ हे माझ्याही डॉक्टरांनी पॅडवर चित्र काढून सांगितलं होतं, आणि ते फार ढोबळ होतं. पण गोळीने बरं वाटतं का, हा प्रश्न निराळा. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 522 चाचण्यांचा आढावा आला: प्रौढांमध्ये 21 ची 21 औषधं पोकळ गोळीपेक्षा सरस, फरक मात्र माफक. शिवाय या औषधांचा जन्मच उलट्या क्रमाने झाला. 1952 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका टीबी रुग्णालयात इप्रोनियाझिड हे टीबीवरचं औषध घेणारे रोगी अचानक उल्हसित दिसू लागले. ते का, याचा शोध पुढे सुरू झाला.

बधिरपणाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. आजीच्या वर्षश्राद्धाला माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. कामेच्छा जाते, हेही पुष्कळांचं होतं. मला आधी फक्त ‘थोडी मळमळेल’ एवढंच सांगण्यात आलं होतं. मी तिसऱ्या भेटीत तोंड उघडलं तेव्हा मात्रा कमी झाली. डॉक्टरांनी हे आपणहून विचारायला हवं. आणि भीतीच घालायची होती तर खरी गोष्ट मेसेजकर्त्याला सापडलीच नाही: तरुण मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेने 2004 मध्ये मुलांसाठी तसा इशारा छापायला लावला, 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. घरच्यांनी त्या काळात लक्ष ठेवायचं असतं.

मेसेज आला त्या रात्री मामेबहिणीचा फोन आला. आवाज दबका. “ताई, मीपण घेते. बंद करू?” म्हटलं, स्ट्रिप आण आणि मागची बारीक अक्षरं वाच. तिने अडखळत वाचलं. नावं दोन निघाली. आठ महिन्यांपासून चालू होती, चिठ्ठी पंधरा दिवसांची. शुक्रवारची वेळ मिळाली आहे डॉक्टरांची. तोवर गोळी रोज रात्री चालू.