‘ला पाझमधला पहिला दिवस वाया घालवला’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

बोलिव्हियातल्या ला पाझच्या आमच्या सहलीबद्दल तुम्ही दिलेला दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री वाचला. ला पाझमधल्या आमच्या सहकाऱ्याशी आधी बोलले आणि मगच लिहायला बसले. तुमच्या मुख्य तक्रारी चार आहेत: विमानतळावर गाडी 50 मिनिटं उशिरा आली, शाकाहारी म्हणून दिलेल्या सुपात मांसाचं पाणी निघालं, हॉटेल जुन्या शहरापासून लांब होतं, आणि चार दिवसांतला पहिला अख्खा दिवस आम्ही ‘विश्रांती’ लिहून घालवला.

गाडीबद्दल सांगण्यासारखी सबब माझ्याकडे नाही. ला पाझचं विमानतळ शहराच्या वर, एल आल्टोत आहे. त्या पहाटे तिकडचा रस्ता आंदोलकांनी अडवला होता, पण बोलिव्हियात असे ‘ब्लोकेओ’ नेहमीचे आहेत आणि ड्रायव्हर अडकल्याचं आमच्या माणसाला कळलंही होतं. तुम्हाला मेसेज मात्र गेला नाही. जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा. अशा पहाटे, परक्या भाषेच्या गावात एकटीने सामान घेऊन उभं राहावं लागलं, याची मला मनापासून लाज वाटते.

सुपाचं तर मला जास्तच लागलं. ‘सोपा दे मानी’ म्हणजे शेंगदाण्याचं सूप. आपल्या उपवासाच्या दाण्याच्या आमटीची आठवण येऊन तुम्ही निर्धास्तपणे घेतलंत, आणि कोणीही तसंच घेतलं असतं. पण तिथे ते बहुतेक वेळा हाडामांसाच्या पाण्यात शिजवतात. आम्ही दिलेल्या कार्डावर स्पॅनिशमध्ये ‘मी शाकाहारी आहे’ एवढंच होतं. ते पुरत नाही. ‘कार्ने’ म्हटलं की तिथे बहुतेकांना गाईचं मांस आठवतं, कोंबडी त्यात धरतातच असं नाही, आणि रश्शाचा तर कोणी विचारच करत नाही. हे आम्हाला माहीत होतं, तरी कार्डावर लिहिलं नव्हतं. नव्या कार्डावर मांस, कोंबडी, मासे, चरबी आणि मांसाचं पाणी, सगळं वेगवेगळं लिहिलं आहे.

आता हॉटेल आणि पहिला दिवस. या दोन्हींचं कारण एकच आहे आणि इथे मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘मी दर रविवारी सिंहगड चढते, मला कसला त्रास होणार? आणि झालाही नाही.’ ताई, आपलं कळसूबाई 1,646 मीटर. ला पाझचा मध्यभाग साधारण 3,600 मीटरवर आहे आणि एल आल्टोचं विमानतळ 4,060 मीटरच्या आसपास. तुम्ही लिमाहून, म्हणजे समुद्रकाठाहून, काही तासांत तिथे पोचलात. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण 60 ते 65 टक्के असतो. दम चांगला असला म्हणून उंचीचा त्रास टळत नाही. उलट तब्येतीने धडधाकट माणसंच पहिल्या दिवशी जास्त धावपळ करतात. शिवाय हा त्रास उतरल्या उतरल्या होत नाही. बहुधा सहा ते बारा तासांनी, म्हणजे कित्येकदा पहिल्याच रात्री, डोकं ठणकायला लागतं आणि मळमळतं. सकाळी ‘मी ठणठणीत आहे’ वाटण्यावर विसंबता येत नाही ते यामुळेच. एकटीने फिरणाऱ्या बाईची रात्री विचारपूस करायला शेजारच्या पलंगावर कोणी नसतं, हाही विचार मला करावा लागतो.

म्हणून हॉटेल कालाकोतोत घेतलं. शहराचा हा दक्षिण भाग मध्यापेक्षा सुमारे 300 मीटर खाली आहे. जुन्या शहरात, सागार्नागा रस्त्यावरच्या हॉटेलात बाजार पायाशी आला असता, हे मान्य. पण बेत हळूहळू वर चढण्याचा होता: दुसऱ्या दिवशी शेजारच्या इरपावीहून हिरव्या रोपवेने वर शहरात, आणि एल आल्टोतला 16 दे हूलियोचा बाजार तिसऱ्या दिवशी. तो गुरुवारी आणि रविवारी भरतो, पण पुन्हा 4,000 मीटरच्या वर. पहिल्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी ‘रिकामीच आहे तर लाल रोपवेने एल आल्टोला जाऊन येते’ म्हणालात, तेव्हा आमच्या सहकाऱ्याने अडवलं. ते त्याने बरोबरच केलं. तुमच्याकडे आठवडा असता तर आधी कोचाबांबाला, 2,560 मीटरवर, दोन रात्री ठेवलं असतं.

चूक झाली ती सांगण्यात. पुण्यातून निघण्याआधी हे सगळं तुमच्या हातात लिहून पडायला हवं होतं. आम्ही ‘दिवस 1: विश्रांती’ एवढंच लिहिलं. पैसे भरून, वर्षाची रजा साठवून गेलेल्या माणसाला त्यात आळस दिसला तर नवल नाही. आता आराखड्यात प्रत्येक मुक्कामाची उंची आणि तो तिथे का ठेवला, हे लिहिलेलं असेल. पहिला रिकामा दिवस मात्र कोणी कितीही मागितलं तरी काढणार नाही.

एकटीला खोलीचे पूर्ण पैसे पडले, हेही तुम्ही लिहिलंय. हॉटेलं खोलीवर दर लावतात, माणशी नाही. त्यात मला फार काही करता येत नाही.

विमानतळाच्या गाडीचे आणि त्या जेवणाचे पैसे याच आठवड्यात तुमच्या खात्यावर परत येतील. ते सूप आमच्या यादीतल्या खानावळीत मिळालं की बाहेर, एवढं कळवाल का? यादीतली असेल तर तिचं नाव आजच काढते.