सेल मारून बघा

आमच्या गॅलरीत गाडीचं कार्पेट वाळत पडलंय. आज चौथा दिवस. वास असा की दोरीवरच्या टॉवेलांनाही आत घ्यावं लागलं.

पुण्यातला सिंहगड रस्ता, नदीच्या बाजूची सोसायटी. रात्री पार्किंगमध्ये पाणी सीटपर्यंत चढलं, सकाळी उतरलं, मागे गाळ. मी दार उघडून उभा, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे काका बंडीवर, चहाचा कप घेऊन गॅलरीत आले.

"सीटपर्यंतच ना? मग काही नाही. एकसष्टला पानशेत धरण फुटलं तेव्हा आमच्या शनिवार पेठेत पहिल्या मजल्यापर्यंत होतं."

"तेव्हा गाडी होती तुमच्याकडे?"

"सायकल होती. वडिलांनी फडक्याने पुसली आणि निघाले ऑफिसला."

"ऑफिस उघडं होतं?"

"तो प्रश्न नाही." काकांनी बशीत चहा ओतला. "सेल मारून बघा."

बुडालेल्या गाडीला सेल मारायचा नसतो, हे मला माहीत होतं. पण वरून कोणी इतक्या खात्रीने सांगितलं की हात आपोआप किल्लीकडे जातो. खट्. बस्स, एवढंच.

फिटरने आधी एअर फिल्टर काढून पिळला, मग डिपस्टिक दाखवली. ऑइलची दुधाळ कॉफी झाली होती. "हवा दाबली जाते साहेब, पाणी नाही. पिस्टन वर आला, पाणी हटेना, मग वाकला कनेक्टिंग रॉड. बुडालेली होती तोवर बरी होती गाडी."

इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने एकच प्रश्न विचारला, "बुडाल्यावर चालू केलीत?" मी हो म्हणालो. खोटं बोलायला सुचायला हवं होतं. कार्पेट, वायरिंग मिळेल, इंजिन नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं आणि ते यंदा मीच काटकसर म्हणून काढून टाकलं होतं.

माझी चूक, मान्य. पण खडकवासला धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज मला आला तेव्हा मी तेच पाणी खराट्याने लोटत होतो. निळी पूररेषा, म्हणजे जिच्या आत बांधकामाला बंदी ती रेषा, नकाशात आखायची, तिच्या आत बांधकामं होऊ द्यायची आणि दर पावसाळ्यात आम्हाला 'सतर्क राहा' सांगायचं! सतर्क राहून करू काय, गाडी चौथ्या मजल्यावर नेऊ?

काकांच्या गाडीला मात्र थेंब लागला नव्हता. ती आदल्या संध्याकाळपासूनच वारज्याला, लेकीच्या सोसायटीत, चढावर.

"आम्हाला सांगायचं तरी!"

"तुम्ही विचारलं नाहीत," काका म्हणाले आणि माझं कार्पेट उलटं टाकायला सांगून आत गेले.