पतंजलींनी सूर्यनमस्कार सांगितलेच नाहीत

रथसप्तमी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश हमखास येतो: 'पतंजलींनी योगसूत्रांत सांगितलेले 12 आसनांचे सूर्यनमस्कार.' यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, म्हणून हा खुलासा.

योगसूत्रांत सूर्यनमस्कार नाहीत. आसनाबद्दल तिथे जेमतेम तीन सूत्रं आहेत. पहिलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे स्थिर आणि सुखकर बसणं. भुजंगासन, पर्वतासन अशी नावं त्यात शोधूनही सापडत नाहीत. पंधराव्या शतकाच्या आसपासच्या हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथातही हा क्रम नाही. उलट तिच्यावरच्या 'ज्योत्स्ना' या टीकाग्रंथात फार सूर्यनमस्कार घालणं हा कायाक्लेश, म्हणजे शरीराला नाहक त्रास, म्हणून टाळायला सांगितलंय! (ग्रुपवर हे टाकल्यावर बराच वेळ शांतता होती.)

सूर्याला नमस्कार घालायची प्रथा जुनी, यात वाद नाही. पण मोजून रोज घालायचा व्यायाम म्हणून त्यांचा विसाव्या शतकात जोरदार प्रसार केला तो औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. ते स्वतः रोज घालत आणि संस्थानातल्या शाळांतूनही त्यांनी ते सुरू केले. साताऱ्याकडच्या माणसाचं हे श्रेय आपणच परस्पर पतंजलींच्या खात्यावर का जमा करतो, कोण जाणे.