पर्सी घराण्याची ‘अखंड रक्तरेषा’ तपासून पाहिली तर

मुंबईतल्या पारशी कुटुंबांमुळे पर्सी हे नाव आपल्या कानाला परकं नाही. आपल्याकडे ते पाळण्यातलं नाव म्हणून रुळलं. इंग्लंडात मात्र ते मुळात आडनाव, आणि तेही नॉर्थम्बरलंडच्या बड्या सरदार घराण्याचं. वंशावळींची हौस असलेल्या मंडळींत या आडनावाबद्दल एक कहाणी वर्षानुवर्षं फिरते आहे. पर्सींचा मूळपुरुष 1066 मध्ये, आजच्या फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून इंग्लंड जिंकायला आलेल्या विल्यमच्या बाजूने हेस्टिंग्जच्या लढाईत लढला, स्कॉटलंडच्या राजाचा डोळा फोडल्यामुळे घराण्याला हे नाव पडलं, तेव्हापासून बापाकडून मुलाकडे तेच रक्त अखंड चालत आलं, आणि आज ज्याचं आडनाव पर्सी त्याचा निळ्या सिंहाच्या कुलचिन्हावर हक्क आहे, असं ती सांगते. यातलं एकही विधान पुराव्यापुढे टिकत नाही.

डोळ्याची गोष्ट आधी घेऊ, कारण ती सगळ्यांत लाडकी आणि सगळ्यांत कच्ची आहे. स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम नॉर्थम्बरलंडमधल्या अल्निकच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता, असं ती सांगते. भाल्याच्या टोकावर किल्ल्याच्या चाव्या अडकवून एक वीर शरण येण्याच्या मिषाने पुढे आला आणि तोच भाला त्याने राजाच्या डोळ्यात खुपसला. इंग्रजीत ‘पिअर्स’ म्हणजे भोसकणं, ‘आय’ म्हणजे डोळा, झालं पर्सी! माल्कम अल्निकजवळ मारला गेला हे खरं, पण ते 1093 साली. विल्यम द पर्सी हे नाव त्याआधीच, 1086 च्या डूम्सडे या जमिनींच्या सरकारी नोंदवहीत, यॉर्कशर आणि लिंकनशरमधल्या जमिनींपुढे लिहिलेलं आहे. माल्कमला मारलं ते बॅम्बराचा कारभारी मोरेल याने, आणि तो नॉर्थम्ब्रियाचा अर्ल रॉबर्ट द मोब्रे याचा माणूस होता. शिवाय अल्निक पर्सींच्या हाती आलं 1309 मध्ये, डरहॅमचा बिशप अँटनी बेक याच्याकडून विकत घेतलं तेव्हा. म्हणजे 1093 मध्ये त्या किल्ल्याच्या चाव्या कोणा पर्सीकडे असण्याचा प्रश्नच नव्हता.

नावाचा खरा उगम साधा आहे. नॉर्मंडीत पर्सी नावाची गावं आहेत. ‘द पर्सी’ म्हणजे पर्सी गावचा, आपल्याकडे पाटणचा तो पाटणकर तसा. आणि गावावरून पडलेलं नाव एकाच घराण्यापुरतं राहील याची हमी कुठेच नसते.

हेस्टिंग्जबद्दल थोडक्यात. त्या लढाईत विल्यमच्या बाजूने कोण कोण होतं, याची समकालीन साधनांतून पक्की ठरणारी नावं मूठभर आहेत आणि पर्सी त्यांत नाही. दाखला दिला जातो तो बॅटल अ‍ॅबी या, लढाईच्या जागी उभारलेल्या मठाच्या यादीचा. तिची मूळ प्रत हरवली आहे, हाती आहेत त्या बऱ्याच नंतरच्या नकला, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. 1086 पर्यंत विल्यम द पर्सी इंग्लंडात मोठा जमीनदार झाला होता, एवढं खात्रीने म्हणता येतं. तेही काही कमी नाही.

आता ‘अखंड रक्तरेषा’. माझा खरा आक्षेप इथे आहे, कारण या दाव्यात ज्यांनी हे नाव टिकवलं त्यांनाच पुसून टाकलंय. पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी मूळ पर्सी शाखा बाराव्या शतकातच संपली. वारस उरल्या त्या मुली. त्यांतल्या अ‍ॅग्नेसचं लग्न जोसेलिन ऑफ लूवेनशी झालं. तो इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याची राणी अडेलायझा हिचा भाऊ, आजच्या बेल्जियममधल्या लूवेनच्या घराण्यातला, म्हणजे नॉर्मन नव्हेच. त्यांच्या मुलांनी आडनाव लावलं ते आईचं. 1215 च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेची, अंमलबजावणी पाहण्यासाठी नेमलेल्या 25 सरदारांत जो रिचर्ड द पर्सी दिसतो, तो याच अ‍ॅग्नेसचा मुलगा. पुढे 1403 मध्ये श्रूझबरीला पडलेला प्रसिद्ध ‘हॉटस्पर’ हेन्री पर्सीही याच शाखेतला.

तेच पुन्हा घडलं. 1670 मध्ये या घराण्यातला नॉर्थम्बरलंडचा अकरावा अर्ल (सरदारकीचा किताब) वारला, मागे उरली लहानगी एलिझाबेथ. तिचं लग्न ड्यूक ऑफ सॉमरसेटशी झालं. तिच्या मुलाच्या मुलीचंही नाव एलिझाबेथच, आणि तिने 1740 मध्ये लग्न केलं यॉर्कशरच्या सर ह्यू स्मिथसनशी. या जावयाने 1750 मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने पर्सी हे आडनाव घेतलं आणि 1766 मध्ये तो ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड झाला. आजचे ड्यूक त्याच्या वंशातले. बापाकडून मोजायचं तर ते स्मिथसन आहेत. पर्सी रक्त त्यांच्यात आलं ते आज्या-पणज्यांकडून, आणि त्यात मला कसलाही कमीपणा दिसत नाही. कमीपणा आहे तो अ‍ॅग्नेस आणि दोन्ही एलिझाबेथ गाळून वंशवृक्ष छापण्यात.

राहिलं कुलचिन्ह. वंशपरंपरागत कुलचिन्हांची पद्धत बाराव्या शतकात रुजली, त्यामुळे 1066 मध्ये ते कोणाकडेच नव्हतं. पिवळ्या ढालीवरचा निळा सिंह पर्सींनी घेतला तो 1300 च्या सुमारास. त्याआधी त्यांची ढाल वेगळी होती, निळ्यावर सोनेरी लांबट चौकटींची. इंग्लंडच्या नियमानुसार कुलचिन्ह व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वैध वंशजांकडे जातं. आडनावाला ते मिळत नाही. चौकटीत बसवून विकलं जाणारं ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ ही शोभेची वस्तू आहे, हक्काचा कागद नव्हे.

नुसतं आडनाव पुरेसं नसतं, हे एका पर्सीला फार वाईट रीतीने कळलं. अकरावा अर्ल गेल्यावर डब्लिनचा जेम्स पर्सी, व्यवसायाने पेट्या बनवणारा, अर्लपदावर हक्क सांगत उभा राहिला. जवळजवळ वीस वर्षं तो अर्ज करत राहिला. अखेर 1689 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने दावा फेटाळला आणि ‘नॉर्थम्बरलंडच्या अर्लपदाचा खोटा आणि उद्धट दावेदार’ अशा अर्थाचा कागद अंगावर लावून त्याला वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या न्यायालयांपुढून फिरवण्याची शिक्षा दिली.