नव्वद मार्कांची पाठवणी

ऑक्टोबरात कन्येला सॅट या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १६०० पैकी १३८० मिळाले आणि तेवढ्या भांडवलावर तिने अमेरिकेतल्या सहा कॉलेजांना अर्ज ठोकले. डिसेंबरात पुन्हा बसली, १४७० आले. इंदूरच्या राजवाड्याजवळून पेढे आणले, अख्ख्या रामबागेत वाटले, आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. विचारलं, "हे कॉलेजांना कळलं का?"

"पाठवावे लागतात, बाबा."

आजीला हे पटेना. "दहावीचा निकाल रोल नंबर टाकला की साऱ्या गावाला दिसतो. यांना साधं बघता येत नाही?"

"भिया, स्पीड पोस्टाने टाकून दे," शेजारी म्हणाले.

एवढं सोपं असतं तर काय! चार कॉलेजांना निकाल फुकट जातो, पण त्यांची नावं परीक्षेनंतर नऊ दिवसांत द्यायची, आणि निकाल लागतो दोनेक आठवड्यांनी. म्हणजे निकालाआधी पेढे वाटले तर फुकट, नंतर वाटले तर दर पेढ्याला डॉलर मोजा. निकाल न बघता पेढे वाटायची आपल्यात रीत नाही. सहाही कॉलेजांचे पैसे भरले.

मग कळला सुपरस्कोर. बरीच कॉलेजं दोन परीक्षांतला चांगला तेवढा भाग उचलतात. ऑक्टोबरचं गणित ७४०, डिसेंबरचं इंग्रजी ७५०, झाले १४९०! एवढे मार्क पोरीला कुठल्याच दिवशी पडले नव्हते. पण पोहे एका ठेल्यावरचे आणि जिलेबी दुसऱ्याची, हे इंदूरकराला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वेळी ही सोय असती, तर बी.कॉम.च्या माझ्या तीन प्रयत्नांतून एक बरा विद्यार्थी सहज जुळवता आला असता.

पाच कॉलेजांच्या पोर्टलवर हिरवी टिकली उमटली. सहावं आठ दिवस ढिम्म: 'गुण मिळालेले नाहीत'. घोळ नावाचा होता. पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात तिचं नि माझं, दोन्ही नावं शेजारी शेजारी. सॅटला तीच गेली. कॉलेजच्या अर्जात मात्र तिने मला गाळलं होतं. त्यांच्या यंत्राच्या लेखी अर्ज एकीचा, मार्क भलतीचेच.

तिथे सकाळचे ९ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात. देवघरात आजीची आरती, कानाशी फोनमधला पियानो. वीस मिनिटांनी एक बाई बोलल्या. मी नाव फोडून सांगू लागलो. "डी फॉर दिल्ली." पलीकडे शांतता. "डॉग म्हणा, डॉग!" कन्या कुजबुजली.

"यातलं दुसरं नाव कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं."

"म्हणजे अर्जदार तुम्ही?"

"नाही, मी वडील."

"मग अर्जदाराच्या नावात तुम्ही कसे?"

लग्नपत्रिकेपासून वीजबिलापर्यंत आजवर हा प्रश्न कुणी केला नव्हता. मी 'आमच्याकडे' अशी सुरुवात करतोय, तोवर कन्येने फोन काढून घेतला आणि दोन मिनिटांत काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी ईमेल आला. दोन नोंदी जोडताना त्यांनी या खेपेस तिला गाळून मला ठेवलं होतं. 'प्रिय' पुढे चक्क माझं नाव आणि खाली: तुमचे गुण मिळाले.

कन्या कपाळाला हात लावून पुन्हा साडेसातची वाट बघत बसली. आजीने मात्र देवापुढे साखर ठेवली. बावन्नाव्या वर्षी का होईना, मुलाला गणितात ७४० पडले होते.